खारं पाणी, बारीक नळी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात इलेक्ट्रोफोरेसिसवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, की पाण्यात विरघळलेल्या चार्जवाल्या पदार्थांना विजेने ओढून एकमेकांपासून वेगळं करता येतं आणि जरा युक्ती केली तर वेगळं करता करता एका जागी गोळाही करता येतं, बस्स एवढंच. त्यावर इतके मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. रत्नागिरी असो, गुहागर असो की सावंतवाडी, निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून मिठापाशीच येतात, आणि ते बरोबरच आहे, किनाऱ्यावरचं सॅम्पल म्हटलं की त्यात मीठ आलंच. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून सगळ्यांचीच नावं गाळलीत.

एमएस्सीची विद्यार्थिनी, रत्नागिरी: सर, बायोच्या लॅबमध्ये आम्ही जेल चालवतो, निळ्या रेघा दिसतात, ते कळलं. पण ॲनालिटिकलच्या पुस्तकात कपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसपुढे लिहिलंय "ट्रेस ॲनालिसिसला उपयोगी" आणि पुढच्याच पानावर लिहिलंय "सेन्सिटिव्हिटी कमी". दोन्ही एकदम खरं कसं?

दोन्ही खरं आहे, पुस्तकाने मधला भाग गाळलाय एवढंच. कपिलरी म्हणजे केसासारखी बारीक नळी आणि ट्रेस म्हणजे अगदी किंचित प्रमाण. चार्जवाला पदार्थ विजेच्या क्षेत्रात सरकतो हे तुला माहितीय, लहान आणि जास्त चार्जवाला भराभर, मोठा आणि कमी चार्जवाला रेंगाळत. स्वीडनमध्ये उप्सालाला आर्ने टिसेलियसने १९३७ मध्ये यू आकाराच्या नळीत रक्ताच्या सीरममधली प्रथिनं अशीच वेगळी करून दाखवली, अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन ही नावं तिथूनची, आणि १९४८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं. पण जाड नळीत व्होल्टेज वाढवलं की पाणी तापतं, तापलं की आतल्या आत फिरायला लागतं आणि वेगळं झालेलं परत कालवलं जातं. जेल वापरायचं एक मोठं कारण हेच, ते ढवळणं थांबवतं. १९८१ मध्ये जॉर्गनसन आणि लुकाक्स ह्यांनी दुसरा रस्ता धरला, जेलच नको, नळीच इतकी बारीक करा की उष्णता भिंतीतून झटकन बाहेर पडेल. त्यांनी ७५ मायक्रॉनची काचेची नळी घेतली, ३० हजार व्होल्टपर्यंत गेले, आणि पीक, म्हणजे ग्राफवरचे उंचवटे, असे टोकदार आले की तेव्हाच्या एचपीएलसीवाल्यांनी, म्हणजे पंपाने द्रव दाबून पदार्थ वेगळे करणाऱ्यांनी, डोळे चोळले असतील. थिऑरेटिकल प्लेट्स, म्हणजे वेगळं करायच्या ताकदीचं माप, चार लाखांवर.

अजून एक गोष्ट, परीक्षेत हमखास विचारतात. सिलिकाच्या नळीची आतली भिंत निगेटिव्ह असते, तिच्या लगतचे पॉझिटिव्ह आयन, म्हणजे चार्जवाले कण, निगेटिव्ह टोकाकडे निघाले की आतलं सगळं पाणीच सोबत ओढलं जातं, ह्याला इलेक्ट्रोऑस्मोटिक फ्लो म्हणतात. पंप नाही काही नाही, तरी पाणी चालतंय, आणि नळीच्या मध्यात जोरात नि कडेला हळू असं नाही, सगळं सारख्या वेगाने, म्हणून पीक पसरत नाहीत.

आता कमी सेन्सिटिव्हिटीचं. ५० मायक्रॉन आतला व्यास आणि ६० सेंटिमीटर लांबी धरलीस तर अख्ख्या नळीत मावतं साधारण १.२ मायक्रोलिटर, त्यात सॅम्पल घालायचं काही नॅनोलिटर. शिवाय डिटेक्टरचा प्रकाश नळीच्या आडवा जातो, म्हणजे त्याला रस्ता मिळतो ५० मायक्रॉनचा, साध्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या चौकोनी काचभांड्यात, १ सेंटिमीटर मिळतो, म्हणजे इथे २०० पट कमी. हिशोब करून बघ, १ मायक्रोमोलर द्रावणाचे १ नॅनोलिटर म्हणजे १ फेम्टोमोल. एकूण किती पदार्थ पकडतो असं विचारलंस तर हे तंत्र भलतंच हुशार आहे, पण एका लिटरात किती असला तर दिसेल असं विचारलंस तर तेवढंच मठ्ठ, युव्ही डिटेक्टरवर मायक्रोमोलरच्या आसपास येऊन अडतं. ट्रेस म्हणायचं तर त्याच्या कितीतरी खाली जायला हवं. मग उरलेलं अंतर कसं कापायचं, तर सॅम्पल नळीतच घट्ट करायचं. खालचे दोन प्रश्न त्याचेच आहेत, ते तूही वाच, परीक्षेला उपयोगी पडतील.

पाणी तपासणीच्या लॅबमधले एक टेक्निशियन, चिपळूण: खाडीजवळच्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट बघतो. उन्हाळ्यात पाणी खारवट झालं की पीक आडवा पसरतो, आकडा धड येत नाही. एकदा कंटाळून तेच पाणी डिस्टिल्ड वॉटर घालून दहापट पातळ केलं तर पीक उलट टोकदार आला. पातळ केल्यावर जास्त चांगलं दिसतं हे साहेबांना पटत नाहीये, तुम्ही लिहून द्या.

लिहून देतो, साहेबांना दाखवा. नळीत एकामागोमाग एक वेगवेगळी द्रावणं भरली तरी करंट सगळीकडे सारखाच वाहतो, पण व्होल्टेज सारखं वाटलं जात नाही, जिथलं द्रावण वीज कमी वाहून नेतं तिथे दर सेंटिमीटरला व्होल्ट जास्त पडतात आणि जिथे मीठ भरपूर तिथे अगदी थोडे. म्हणजे तुमचं सॅम्पल बफरपेक्षा, म्हणजे नळीत आधीपासून भरलेल्या द्रावणापेक्षा, पातळ असलं तर सॅम्पलच्या पट्ट्यात क्षेत्र जोरदार, नायट्रेट तिथून धावत सुटतं, बफरच्या हद्दीवर आलं की तिथे क्षेत्र कमी म्हणून वेग एकदम पडतो, मागून येणारं नायट्रेट येऊन त्याच्यावर आदळतं आणि लांबट पट्टा होता तो चिंचोळा होतो. ह्यालाच स्टॅकिंग म्हणतात. खारवट सॅम्पलमध्ये बरोबर ह्याच्या उलट होतं, पट्ट्याच्या आत क्षेत्र जवळजवळ नाहीच, आतलं नायट्रेट सरपटतंय, तर हद्दीवरचं बफरमध्ये शिरलं की पुढे पळतंय, मग पीक आडवा होणार नाही तर काय. दहापट पातळ केल्यावर तुम्ही दहापट गमावलंत खरं, पण टोकदारपणात त्यातलं बरंचसं परत मिळवलंत आणि आकडा वाचण्याजोगा झाला.

पण म्हणून शंभरपट, हजारपट पातळ करत सुटू नका. सॅम्पल फारच पातळ आणि पट्टा फार लांब झाला की त्या भागातलं पाणी वेगळ्या वेगाने चालायला बघतं आणि बाकीच्या नळीतलं वेगळ्या, दोघांच्या ओढाताणीत हद्दीवर कालवाकालव होते आणि गोळा झालेलं पुन्हा पसरतं. बफरची कंडक्टिव्हिटी सॅम्पलच्या दहापटीच्या आसपास असली की सहसा जमतं. ह्याहून जास्त हवं असेल तर मोठा पट्टा भरून सॅम्पलचं पाणी उलट दिशेने बाहेर ढकलत ढकलत आयन तेवढे मागे ठेवायचे अशी एक पद्धत आहे, शेकडो पट फायदा होतो, पण रोजच्या कामाला डोकेदुखीच.

आणि एक सावधगिरी. तुम्ही सॅम्पल प्रेशरने आत घेता की व्होल्टेजने ते लिहिलं नाहीत. व्होल्टेजने घेत असाल तर पातळ पाण्यातून आयन धो धो आत येतात, हजारपटही घट्ट होतात, पण किती येतील ते त्या पाण्यातल्या मिठावर ठरतं. गोड्या विहिरीला एक न्याय आणि खारवट विहिरीला दुसरा. डिस्टिल्ड वॉटरमधल्या स्टँडर्डवरून, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणावरून, काढलेला आकडा मग खारवट पाण्याला लावलात तर नायट्रेट आहे त्यापेक्षा कमी दिसेल आणि विहीर उगाच पास होईल. त्याच पाण्यात स्टँडर्ड घालून वाढ बघा, नाहीतर सरळ प्रेशरने घ्या. तसंही पिण्याच्या पाण्याला नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, हे काही ट्रेस नव्हे, दहापट पातळ केलं तरी आरामात दिसतं, तुमची पद्धत बरोबरच आहे. साहेबांना सांगा की अमेरिकेच्या ईपीएकडे, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेकडे, पाण्यातल्या साध्या ॲनायनसाठी (निगेटिव्ह आयनसाठी) कपिलरीची लेखी पद्धत आहे, मेथड ६५००, म्हणजे हा कुणाच्या घरचा प्रयोग नाही.

मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी, गुहागर: वरच्यासारखं पातळ करणं आम्हाला परवडत नाही. आम्हाला समुद्राच्याच पाण्यातलं नायट्राइट, नायट्रेट, आयोडाइड बघायचंय, आधीच ते लिटरला मायक्रोग्रॅममध्ये आणि सोबत क्लोराइड ग्रॅममध्ये. प्रोजेक्ट गाइड म्हणतात विषय बदल.

विषय बदलू नकोस, उलट हाच प्रश्न सगळ्या पत्रांत मला सगळ्यात आवडला. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड, म्हणजे अर्ध्या मोलरहून थोडं जास्तच, आणि तू शोधतोयस ते त्याच्या लाखाव्या भागाएवढंसुद्धा नाही. ह्या मिठाला हाकलायच्या मागे लागलास तर आयुष्य जाईल. त्याला कामाला लावायचं.

तंत्राचं नाव आयसोटॅकोफोरेसिस. नळीत पुढे असा आयन भरायचा जो सगळ्यात चपळ, त्याला लीडर म्हणतात, सगळ्यात मागे असा जो सगळ्यात सुस्त, तो टर्मिनेटर, आणि मधे सॅम्पल. व्होल्टेज दिलं की थोड्या वेळात मधले सगळे आपापल्या चपळाईच्या क्रमाने रांगेत लागतात आणि मग पूर्ण रांग एकाच वेगाने पुढे सरकते. गणपतीच्या आदल्या दिवशी कशेडी घाटात चाकरमान्यांच्या गाड्या जशा बंपरला बंपर लावून चढायच्या, ओव्हरटेक कुणालाच नाही आणि मधे फट पण नाही, तसं. फरक एवढाच की घाटात सगळ्यात पुढे बहुतेक एखादा रडका ट्रक असायचा, इथे पुढे सगळ्यात चपळ असतो आणि तरीही मागचे सुटत नाहीत, कारण जितका आयन सुस्त तितकं त्याच्या पट्ट्यात क्षेत्र जास्त पडतं, वेग बरोबरीला येतो. आणि एखादा नायट्रेटचा आयन चुकून मागच्या पट्ट्यात घरंगळला तर तिथलं जोरदार क्षेत्र त्याला ढकलून परत जागेवर आणतं, पुढच्या पट्ट्यात घुसला तर तिथलं कमी क्षेत्र त्याला मागे पाडतं. हद्द आपोआप धारदार राहते, कोणी राखायला नको.

आता खरी मेख. प्रत्येक पट्ट्यात आयन किती घट्ट असेल हे लीडरच्या घट्टपणावरून ठरतं, तुझ्या सॅम्पलमध्ये सुरुवातीला किती पातळ होता त्यावरून नाही. कोलराउशने हे गणित १८९७ मध्येच मांडून ठेवलंय, तेव्हा ही यंत्रं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. म्हणजे कितीही पातळ नायट्रेट असू दे, ते आकसत आकसत लीडरच्या जवळपास घट्ट होईपर्यंत गोळा होणार, फक्त पट्टा अरुंद होणार. अगदीच किंचित असेल तर पट्टा कसला, दोन शेजाऱ्यांच्या मधे चिमटलेली एक सुई राहते, आणि आपल्याला ट्रेससाठी सुईच हवी असते.

समुद्राच्या पाण्यात लीडर बाहेरून आणायलाच लागत नाही, क्लोराइड आधीच तिथे आहे, भरपूर आहे, आणि ते नायट्रेट, नायट्राइट दोघांपेक्षाही किंचित चपळ आहे. मागे ॲसिटेटसारखा सुस्त आयन घातला की झालं. सुरुवातीची काही मिनिटं आयसोटॅकोफोरेसिस चालतं, सगळं क्लोराइडच्या पाठीला चिकटून गोळा होतं, मग क्लोराइडचा पट्टा बफरमध्ये विरघळत जातो आणि पुढे साधं कपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस सुरू होऊन नायट्रेट, नायट्राइट वेगवेगळे पीक म्हणून डिटेक्टरपाशी येतात. जपानमधल्या लोकांनी तर अजून पुढची शक्कल काढली, बफर म्हणून चक्क कृत्रिम समुद्राचं पाणीच नळीत भरलं, फक्त ज्याचं मोजमाप करायचंय तो आयन त्यात घातला नाही. सॅम्पल खारट, बफरही तेवढाच खारट, मग सॅम्पल खारट असल्याची तक्रार करायला जागाच राहत नाही. आणि २१० नॅनोमीटरला नायट्रेट, नायट्राइट, आयोडाइड प्रकाश चांगला शोषतात पण क्लोराइड आणि सल्फेट जवळजवळ नाहीच, म्हणजे ग्रॅमने असलेलं क्लोराइड डिटेक्टरला दिसतच नाही. ब्रोमाइड मात्र त्रास देईल, ते लिटरला ६५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि कमी तरंगलांबीला दिसतं, पुढे एक टेकाड उभं राहील, ते बघून घाबरू नकोस.

अडचणी पण सांगतो, म्हणजे गाइडसमोर तोंडावर पडायला नको. खारट बफर म्हणजे करंट जास्त, करंट जास्त म्हणजे नळी तापणार, म्हणून व्होल्टेज आवरतं घ्यावं लागतं, नळी थंड ठेवावी लागते आणि रन लांबतो. ॲनायन मोजायचे तर पाण्याचा प्रवाह उलटा करावा लागतो, त्यासाठी सीटॅबसारखं पॉझिटिव्ह डोक्याचं सर्फॅक्टंट (साबणाच्या जातीचा पदार्थ) बफरमध्ये घालतात आणि व्होल्टेजची टोकंही उलटी लावतात, नाहीतर नायट्रेट भलत्याच टोकाकडे निघतं. आणि हीच युक्ती अमोनियमला लावायला जाऊ नकोस, मिठातलं सोडियम अमोनियमपेक्षा सुस्त आहे, सुस्ताला लीडर करता येत नाही, शिवाय पोटॅशियम आणि अमोनियमचा वेग जवळपास सारखाच, ते दोघं एकाच पीकमध्ये येतात. तिथे क्राउन ईथर, म्हणजे पोटॅशियमला धरून ठेवणारा रेणू, घालून पोटॅशियमला जरा मागे ओढावं लागतं. पैसे असतील तर दोन नळ्या जोडलेलं यंत्र असतं, पहिल्या जाड नळीत आयसोटॅकोफोरेसिसने गोळा करा, नको ते वाटेत बाहेर सोडा, हवं तेवढंच दुसऱ्या बारीक नळीत वळवा. ब्रातिस्लाव्हात कानियान्स्की ह्यांच्या गटाने ह्यावर खूप काम केलंय, पेपर शोधून वाच.

मालवणहून: मासो ताजो आसा काय शिळो, ता ह्या मशीन सांगात काय?

ताजा की शिळा हे तुमचे डोळे आणि माशाचे कल्ले मशीनपेक्षा स्वस्तात सांगतील. पण एक गोष्ट डोळ्यांना आणि नाकाला कळत नाही, ती मशीन सांगतं, हिस्टामिन. बांगडा, तारली, कुपा असल्या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं, मासा बर्फाविना उन्हात राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते एकदा झालं की तळा, उकडा, कालवण करा, जात नाही. नंतर बर्फात घातला तरी झालेलं हिस्टामिन तसंच. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं, लोक म्हणतात माशाची ॲलर्जी आली, पण बरेचदा ती ॲलर्जी नसतेच.

हिस्टामिन हा लहानसा रेणू, आम्ल बफरमध्ये त्याच्यावर दोन पॉझिटिव्ह चार्ज येतात, म्हणून कपिलरीत तो सगळ्यांच्या पुढे पळतो आणि काही मिनिटांत निकाल हातात. युरोपची मर्यादा अशी आहे की नऊ सॅम्पलची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. आता इथे माझं मत सांगतो, ह्याला घट्ट करायच्या युक्त्या लावायची काहीच गरज नाही. आम्लात प्रथिनं बसवा, गाळा, वीस-पन्नास पट पातळ करा, सुक्या बांगड्याचं मीठही त्यातच पातळ होऊन जाईल आणि हिस्टामिन तरी दिसेलच. एक्स्पोर्टच्या कागदाला मात्र एचपीएलसीचाच रिपोर्ट लागतो, त्यामुळे कपिलरी कंपनीच्या आतल्या रोजच्या चाळणीला ठेवायची. बंदरावर बर्फ वेळेवर मिळाला तर दोन्ही मशीनं बसून राहतील.

एक गृहिणी, दापोली: तिसऱ्या आणि कालवांत आर्सेनिक असतं असं कुठेतरी वाचलं, खाणं सोडून द्यायचं का?

सोडू नका. समुद्रातल्या जिवांत आर्सेनिकचा एकूण आकडा मोठा दिसतो पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबिटेन ह्या रूपात असतं, ते शरीरातून तसंच निघून जातं, विषारी असतं ते इनऑरगॅनिक, आर्सेनाइट आणि आर्सेनेट. नुसता एकूण आकडा छापणारे रिपोर्ट त्यामुळे लोकांना उगाच घाबरवतात. इलेक्ट्रोफोरेसिस इथे फार उपयोगी, कारण आर्सेनेट निगेटिव्ह, आर्सेनाइटवर साध्या पीएचला चार्जच नाही, आर्सेनोबिटेनवर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही, तिघांची चाल वेगळी, आणि टोकाला आयसीपी-एमएस, म्हणजे मूलद्रव्य ओळखून मोजणारं यंत्र, जोडलं की प्रत्येकात आर्सेनिक किती ते वेगळं मोजता येतं. कारखान्याचं सांडपाणी येतं अशा खाडीच्या तोंडावरची कालवं मात्र मी तरी खाणार नाही, आणि त्याचं कारण नुसतं आर्सेनिक नाही.

आंबा बागायतदार, देवगड: औषधाच्या अंशावरून हापूसची पेटी परत येते. पण तुम्ही म्हणता चार्ज असेल तरच पदार्थ सरकतो. आमच्या फवारणीतल्या बऱ्याच औषधांना चार्ज नाही असं कळलं. मग हे आमच्या काय कामाचं?

अगदी बरोबर पकडलंत. चार्ज नसलेला रेणू पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जातो, आणि असे सगळे बिनचार्जवाले एकत्रच बाहेर पडतात. ह्यावर तेराबे ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये उपाय छापला. बफरमध्ये एसडीएस घालायचं, म्हणजे शांपू टूथपेस्टमध्ये फेसासाठी असतं त्या जातीचं सर्फॅक्टंट. साधारण ८ मिलिमोलरच्या वर गेलं की त्याचे रेणू एकत्र येऊन बारीक गोळ्या करतात, बाहेरून निगेटिव्ह आणि आतून तेलकट, त्यांना मिसेल म्हणतात. औषधाचा रेणू कधी गोळीच्या आत कधी बाहेर, ज्याला तेलकटपणा जास्त प्रिय तो जास्त वेळ आत बसणार आणि गोळीबरोबर रेंगाळणार. झालं, चार्ज नसूनही वेगळे झाले.

आणि घट्ट करायचं तर स्वीपिंग. सॅम्पलमध्ये मिसेल अजिबात ठेवायच्या नाहीत, व्होल्टेज दिलं की बफरमधल्या मिसेल सॅम्पलच्या लांब पट्ट्यातून घुसत जातात आणि वाटेत भेटेल तो रेणू गोळा करत नेतात, शेवटी लांबच्या लांब पट्ट्यातलं सगळं एका चिंचोळ्या रेघेत. किरिनो आणि तेराबे ह्यांनी १९९८ मध्ये पाच हजार पटींवर घट्ट करून दाखवलं, आणि नंतर चार्जवाल्या पदार्थांसाठी व्होल्टेजने सॅम्पल आत घ्यायची जोड देऊन दहा लाख पटींच्या जवळ गेले. हे वाचून हुरळून जाऊ नका मात्र, ते आकडे साफ द्रावणातले, आंब्याच्या गरात साखर, आम्लं, रंगद्रव्यं आणि काय काय असतं. तुमच्या पेटीचा निकाल एलसी-एमएस-एमएसवरच लागतो, म्हणजे पदार्थ वेगळे करून रेणूच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, आणि त्याआधी क्वेचर्स नावाच्या पद्धतीने फळातून औषधाचा अंश काढतात, आणि ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा लावतात. त्या कामात कपिलरी आज तरी एमएस-एमएसची जागा घेत नाही. फवारणी आणि तोडणी ह्यांच्या मधले दिवस लेबलवर छापलेत तेवढे पाळलेत तर दोन्ही मशीनांची भीती नाही.

एक आजी, सावंतवाडी: नातसुनेला दिवस गेलेत, डॉक्टरांनी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस लिहून दिलंय. विजेची टेस्ट आहे म्हणतात, पोटातल्या बाळाला करंट बसणार नाही ना?

नाही हो आजी, अजिबात नाही. वीज रक्ताला लावतात, माणसाला नाही. दंडातून एक छोटी बाटली रक्त घेतलं की नातसून घरी मोकळी, पुढचं सगळं लॅबमधल्या मशीनमध्ये. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे होतात, ए-टू नावाचा प्रकार साडेतीन टक्क्यांहून जास्त आला तर बहुतेक थॅलॅसेमिया मायनर असतो, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा सौम्य प्रकार, तिला स्वतःला फारसा त्रास नाही. पण मग नातवाचीही तीच टेस्ट करायची, लगेच, पुढच्या महिन्यावर न ढकलता, कारण दोघंही मायनर असतील तर बाळाला मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, असायची शक्यता चारात एक असते. अंगात लोह कमी असेल तर ए-टूचा आकडा फसवा कमी येऊ शकतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

माध्यमिक शाळेतले विज्ञान शिक्षक, राजापूर: कपिलरी आमच्या शाळेच्या बजेटमध्ये ह्या जन्मी बसणार नाही. मुलांना काहीतरी दाखवता येईल का?

मस्त दाखवता येईल, आणि वाण्याच्या दुकानात सगळं मिळतं. १०० मिली पाण्यात चिमूटभर, म्हणजे ०.२ ग्रॅम खायचा सोडा, त्यात १ ग्रॅम चायना ग्रास उकळून विरघळवा, ते अगरच आहे, आपल्या समुद्रातल्या शेवाळासारख्याच शेवाळापासून केलेलं. प्लॅस्टिकच्या चपट्या डब्यात ओता, गोठायच्या आधी जाड पुठ्ठ्याचे दात करून उभे धरा म्हणजे खड्डे पडतील. गोठल्यावर दोन्ही टोकांची पट्टी कापून तिथे आणि वरून सोड्याचं तेच पाणी घाला, जेल जेमतेम बुडेल एवढं. खड्ड्यात हिरवा खायचा रंग साखरेच्या पाण्यात कालवून ड्रॉपरने सोडा, साखरेने तो खाली बसतो. पाच नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडा, टोकांना पेन्सिलीतलं शिसं लावा, लोखंडाची तार लावलीत तर पॉझिटिव्ह बाजूला गंजून पाणी तांबूस होतं. निगेटिव्ह टोक खड्ड्यांच्या बाजूला. तासाभरात हिरव्यातून पिवळा पुढे आणि निळा मागे असे दोन वेगळे झालेले दिसतील, बाजारातला हिरवा बहुतेक वेळा ह्या दोघांचंच मिश्रण असतो. जोडणी बदलताना आधी बॅटरी काढायची, आणि इन्व्हर्टर किंवा भिंतीतला प्लग कुठल्याही परिस्थितीत नाही, हे मुलांना दहा वेळा सांगा.

जमलं तर दोन खड्डे शेजारी शेजारी ठेवा, एकात रंग साखरेच्या पाण्यात, दुसऱ्यात त्याच पाण्यात थोडं मीठ घालून. मिठाचा रंग मागे रेंगाळेल आणि पसरट येईल, चिपळूणच्या टेक्निशियनची तक्रार मुलांना डोळ्यांनी दिसेल. वरच्या पाण्यात मात्र मीठ नको, क्लोरीनचा वास सुटतो आणि जेल तापून मऊ पडतं. फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापू, पण मुलांचे चेहरे नकोत, जेलचेच पाठवा.